चंद्रीसाठी ठेवलेले लुगडे

"येऊ का? न्हाईतर हितूनच बोलते."

आमच्या महिला दूध संस्थेच्या दारात उभी राहून ती हे वाक्य म्हणत असे. दोन्ही अर्धी एका दमात. पहिल्याचे उत्तर येईल याची तिला खात्री नसावी, म्हणून दुसऱ्याची तजवीज आधीच केलेली असे. एक पाय चपलेतून काढलेला, पण उंबऱ्याच्या आत टाकलेला नाही. कमरेवर किटली. मी आतून "या ना" म्हणत असे आणि तरीही ती बाहेरच थांबत असे. किटली तेवढी हात लांब करून आत ठेवायची. तिचा हात फार लांब होता.

अंगाने ती उंच आणि हाडापेराने मोठी होती. मनगटे रुंद, त्यांवर हिरव्या बांगड्या कशाबशा चढलेल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. आवाज जाड होता. तो आपण होऊन खालच्या पट्टीत धरण्याची सवय तिने लावून घेतली होती, त्यामुळे ती साधे "पाऊस न्हाई" म्हणाली तरी काही गुपित सांगते आहे असे वाटे. गावाने तिला लहानपणी सदरा-चड्डीत पाहिले होते. आई गेल्यावर, वर्षश्राद्ध झाल्यानंतर, एका सकाळी ती आईचे लुगडे नेसून पाण्याला गेली आणि त्यानंतर पुन्हा तिने पुरुषाचे कपडे अंगाला लावले नाहीत. निम्मे गाव तिला 'तो' म्हणत असे, निम्मे 'ती'. पारावरचे लोक "काय बे, कुठं निगाली?" अशी दोन्हींची मिसळ करत आणि आपल्याच विनोदावर हसत. बायका गरजेपुरते "अक्का" म्हणत. मी तिला कधीच कोणतीही हाक मारली नाही. "या ना" एवढ्यावर माझी दहा वर्षे निघाली. अशी माणसे तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याशी आपण चांगले वागतो असा आपला समज असतो, आणि त्यांना काय म्हणायचे हे मात्र आपण ठरवलेले नसते.

मी त्या गावात पदवीधर सून म्हणून आले आणि अक्षर बरे म्हणून संस्थेची सचिव झाले. दोन्ही गोष्टींत माझे कर्तृत्व काही नव्हते.

तिचे कर्तृत्व मात्र सगळ्या गावाला माहीत होते. पान्हा चोरणारी, लाथ मारणारी, वासरू गेल्यामुळे रुसलेली, कोणतीही गाय असो, तिला बोलावणे जाई. आमच्या अध्यक्षा वच्छलाआत्या यांची संकरित गाय एकदा चार दिवस कोणाला जवळ येऊ देईना. आत्यांचा स्वभाव असा, की गाईलाही त्या नोटीस बजावल्यासारखे बोलत. पाचव्या दिवशी ही आली. गोठ्याच्या तोंडाशी उभी राहून, गाईकडे पाहून, तिने तेच विचारले, "येऊ का?" मग जाऊन नुसती शेजारी बसली. कासेला हात लावला नाही. गाईने तिचा खांदा हुंगला, पदर हुंगला, मान हुंगली. पुष्कळ वेळाने ही म्हणाली, "आता आन भांडं."

आत्या म्हणाल्या, "काय बघितलं बया तुझ्यात तिनं?"

"गाय बघत न्हाई आत्या. गाय हुंगती. बघत बसत्यात ती मानसं."

आत्यांनी तिला चहा दिला. कप वेगळा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. आत्या वाईट नव्हत्या.

तिची हकिकत तिने मला एकदाच सांगितली, तीही हसण्यावारी. वयात आल्यावर ती ऊसतोडीला गेली होती. आमच्याकडे टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. "मुकादम म्हनला, घेतो बे तुला, पन तू कोन्ता अर्धा? तोडनारा का मोळ्या बांधनारा? म्या म्हनलं, दोनी करते की. सगळी टोळी हसली, वहिनी. म्या बी हसले. काय करता? त्या दिवशी मालक न्हाई, बायकू न्हाई, नुसता कोयता हाय मी, असं वाटलं बगा." एका हंगामातच ती परत आली. तेव्हापासून ती, आईने मागे ठेवलेल्या गाईचा वंश आणि दीड खणाचे घर, एवढाच तिचा पसारा. माझ्या वेळची गाय चंद्री. पांढरी, कपाळावर काळा टिक्का.

चंद्रीचे दूध आमच्या संस्थेत येई ते शेजारच्या गयाबाईच्या नावावर, कारण ती स्वतः सभासद नव्हती. 'गावात राहणारी, दुभते जनावर असलेली, सज्ञान महिला' अशी आमच्या पोटनियमातली व्याख्या होती. माझ्याच अक्षरात लिहिलेली. ती लिहिताना मी एकाही शब्दापाशी थबकले नव्हते.

त्याच सुमारास सचिवांच्या एका शिबिराला मी बीडला गेले होते. पुण्याहून दोन विदुषी आल्या होत्या. दोघी आयुष्यभर बायकांसाठी झटलेल्या. बोलता बोलता त्यांच्यात वाद पेटला. पहिल्या म्हणाल्या, बाईवर जे गुदरते ते तिच्या शरीरामुळे गुदरते. ते शरीरच बाजूला ठेवले तर लढायचे कशाच्या जोरावर? दुसऱ्या म्हणाल्या, बाईपण जगण्यातून घडते. ते जगणाऱ्या माणसाला आपण दाराशी अडवून तपासत बसणार का? मी दोघींची वाक्ये वहीत उतरवून घेतली आणि दोन्हींखाली रेघा मारल्या. 'आमच्या गावात एक जण आहे' असा एक प्रश्न मी मनात पुरता जुळवला, त्यातला एक शब्द बदलला, पुन्हा होता तसा केला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पंगतीत त्या दोघी एकमेकींना पापडाचा आग्रह करत होत्या. मी वही पिशवीत ठेवली.

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस झाला नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी संस्थेने नेकनूरच्या रस्त्याला गायरानात चारा छावणी उघडली. कडब्याची छपरे, दावणी, पाण्याची टाकी, भोवती खुंट ठोकून बांधलेली दोरी. गडीमाणसे कामासाठी बाहेर पांगली होती. बायका जनावरांबरोबर छावणीतच राहणार होत्या. म्हणून आम्ही बायकांनीच एक नियम केला: दिवेलागणीनंतर दोरीच्या आत पुरुष थांबायचा नाही. आणि चारा मर्यादित असल्यामुळे दुसरा: सभासदांचीच जनावरे, एका सभासदामागे ठरावीक. गयाबाईची आपली जनावरेच तेवढी भरत होती. चंद्रीला जागा उरली नाही.

पुरुषांच्या संस्थेची छावणी गावाच्या दुसऱ्या अंगाला होती. ती चंद्रीला घेऊन तिकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी गाय तिथेच ठेवून एकटी परत आली. गालावर ओरखडा होता. मी विचारले नाही. तिने एवढेच सांगितले, "तितं चंद्रीला जागा हाय वहिनी. मला न्हाई."

मग तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. सभासदत्वाचा अर्ज. कोणाकडून तरी भरून घेतला होता. नावाच्या रकान्यात तिने स्वतः निवडलेले नाव होते. सोबतच्या ओळखपत्रावर आईबापांनी ठेवलेले. नवे ओळखपत्र मिळू शकते असे मी वाचले होते, तसे सांगितलेही. त्याला महिने लागले असते. चंद्रीच्या बरगड्या तेव्हाच मोजता येत होत्या.

"तुमी सचिव हाव. तुमी घेतला तर हुईल का?"

कदाचित झाले असते. मी एक शिक्का मारून पावती फाडली असती तर त्या धामधुमीत कोणी पाहिलेही नसते. मी म्हणाले, "बैठकीपुढे ठेवते." हे वाक्य मला चटकन सुचले याची मला आजही शरम वाटते.

बैठक छावणीतल्या कडुलिंबाखाली भरली. दुपारची. सावली अपुरी होती, त्यामुळे बायका एकमेकींना खेटून बसल्या होत्या. ती दोरीच्या पलीकडे, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन बसली. मी अर्ज वाचून दाखवला.

पहिल्यांदा नुसते हसू झाले. मग एक तरुण सून म्हणाली, "आमी तरटाच्या आडोशाला अंगोळ करतो. रात्री पोरींना घेऊन उघड्यावर निजतो. उद्या हिला आत घेतलं तर आमच्या घरचे आमाला हितं ठेवतील का?" तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. भीती होती, आणि ती खरी होती.

वच्छलाआत्या उठल्या. "ही संस्था आधी कशी होती, नव्यांना म्हाईत न्हाई. नावं आमची, सह्या आमच्या मालकांच्या. पाच वर्सं माझ्या नावानं माझ्या मालकानं बैठका घेतल्या, आन मी हितं मागं चहा करत होते. एकेकाला भांडून भायेर काढलं तवा हे 'महिला' नाव खरं झालं. अक्काबद्दल माझं काई म्हननं न्हाई. लई गुनाची हाय. पन मी हिच्यासाठी दार उघडलं तर उद्या कोन लुगडं नेसून येऊन दारात हुबा ऱ्हाईल, त्याला मी काय सांगू?"

"त्याला सांगा, धा वर्सं नेसून दाव, मग ये," गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. हशा झाला. गयाबाई मात्र हसली नाही. ती ऊसतोडीची बाई, बोलली की उसाच्या शेंड्याचे वाढे तोडल्यासारखी बोले. ती उभी राहिली.

"बाई म्हंजी काय, ते सांगा मला कुनी तरी. पाळी? पिशवी? माझी पिशवी काढली तिसाव्या वर्सी. तोडीत खाडा नको म्हनून काढली. हितं बसलेल्या किती जनींची ऱ्हाईली हाय, वर करा हात." कोणीच हात वर केला नाही. "मंग आमी कोन? आमाला बी काढता का दोरीच्या भायेर?"

एक गाय रवंथ करत होती, त्याचा आवाज येत होता.

आत्या सावकाश म्हणाल्या, "गया, तुझी काढली ती तू बाई हाईस म्हनूनच काढली ना? कुन्या बाप्याचं काई काढलंय का खाडा नको म्हनून? माझी बी काढली. मला काय बी सांगू नको."

गयाबाई खाली बसली. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होते आणि दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. माझ्या वहीत दोन्हींखाली रेघा मारलेली ती वाक्ये मला आठवली. पुण्याच्या विदुषींना जे सांगायला सकाळची दोन सत्रे लागली होती, ते या दोघींनी उभ्या उभ्या सांगितले होते, आणि पापडाने मिटण्यासारखे ते नव्हते.

"शिकलेल्या मानसाला इचारा की," मागून कोणी तरी म्हणाले. "वहिनी, तुमी सांगा. तुमी म्हनाल तसं."

सगळी तोंडे माझ्याकडे वळली. दोरीपलीकडचेही. मला दोघींचे पटत होते. पण त्या क्षणी प्रश्न पटण्याचा नव्हता, एका गाईचा आणि एका माणसाचा होता, आणि तेवढे मला कळतही होते. मी चष्मा पुसला. म्हणाले, "पोटनियम पाहावे लागतील."

ते माझ्या मांडीवरच होते.

तेव्हा पलीकडून ती बोलली. आवाज खाली धरायचे त्या दिवशी ती विसरली असावी. तो जाड आवाज सगळ्या गायरानात गेला. "येऊ का, म्हनून इचारलंय मी. न्हाई म्हना. न्हाई म्हनलेलं मला कळतं. पन आसं गप नका ना बसू."

आम्ही ठराव केला: 'सदर अर्जाचा विचार पुढील मासिक बैठकीत करण्यात यावा.' सर्वानुमते. सहकारात इतके एकमत दुसऱ्या कशावरच होत नाही.

त्याच दिवशी गयाबाईने आपली एक कालवड दिंद्रुडला भावाकडे धाडून दिली आणि तिच्या जागी पुरुषांच्या छावणीतून चंद्रीला आणून बांधले. नियमाला धरून होते. गाय दोरीच्या आत आली. ती बाहेर राहिली.

पण चंद्री दुसऱ्या हाताला पान्हा सोडीना. मग सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी ती दोरीशी येऊन उभी राहायची. "येऊ का?" राखणीला बसलेली बाई दोरी वर धरायची. ती वाकून आत यायची, चंद्रीची धार काढायची, मग कोणाच्या आडमुठ्या गाईची, मग आणखी कोणाची. एक दिवस वच्छलाआत्यांनीच हाक मारली, "अक्का, जरा माझीबी बघ गं." ती गेली. काम झाले की पुन्हा वाकून बाहेर. दोरीपासून दहा पावलांवर बाभळीखाली तिने तरट अंथरले होते, तिथे ती दिवसभर बसून असे. चंद्रीला दिसेल अशी. तिचे हात आम्हाला आत चालत होते. हे माझ्या रोज नजरेस पडत होते, आणि मी रोज पुढच्या बैठकीची विषयपत्रिका मनात लिहीत होते. तिचा विषय मी पहिला घेणार होते.

बैठकीला आठवडा उरला असताना एका सकाळी ती आली नाही. राखणीच्या बाईने वाट पाहिली. गयाबाई बाभळीखाली जाऊन आली. तरट गुंडाळून ठेवलेले होते. आदल्या संध्याकाळी तिने गयाबाईजवळ एक जुने लुगडे दिले होते, हे तेव्हा कळले. पुष्कळदा नेसून मऊ पडलेले, विटक्या निळ्या रंगाचे. तिच्या आईचे. देताना म्हणाली होती, "हे अंगावर घेऊन बस चंद्रीपाशी. सोडंल ती पान्हा." गयाबाईला वाटले, एखादा दिवस कुठे जायचे असेल.

गयाबाईने लुगडे खांद्यावरून लपेटले आणि खाली बसली. चंद्रीने पदर हुंगला, मान हुंगली आणि धार दिली.

त्या उन्हाळ्यात ते लुगडे सगळ्या छावणीने अंगावर घेतले. गयाबाईला ताप आला तेव्हा त्या तरुण सुनेने घेतले. एका संध्याकाळी वच्छलाआत्या त्यात गुरफटून चंद्रीच्या कुशीला डोके टेकून बसलेल्या मी पाहिल्या. धार संपली तरी त्या उठल्या नाहीत. मला पाहून म्हणाल्या, "अक्काची खबर लागली का गं?"

खबर लागली नव्हती. कोणी तेलगावच्या बसथांब्यावर पाहिल्याचे सांगे, कोणी परळीच्या गाडीत. गयाबाईचा भाऊ दोन्हीकडे जाऊन आला. मासिक बैठकीत मी पहिला विषय वाचला. आत्या म्हणाल्या, "घ्या तिला." हात वर करा म्हणावे लागले नाही. माझाही हात वर गेला, आणि तो किती सहज गेला याचे मला आश्चर्य वाटले. सभासद पुस्तकात तिने निवडलेले नाव मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिले. पुढचा सहीचा रकाना कोरा राहिला.

यानंतर मी जे केले ते सांगायचे म्हणूनच मी इतक्या उशिरा लिहायला बसले आहे. ती आज ना उद्या परत येईल, तेव्हा तिची वस्तू तिला नीट द्यावी, असे माझ्या मनात आले. लुगडे शेणाने, दुधाने, घामाने कडक झाले होते. टँकरचे पाणी घरटी मोजून मिळत होते. माझ्या वाट्याचे दोन दिवसांचे पाणी मी राखून ठेवले आणि ते लुगडे साबण लावून स्वच्छ धुतले. दोनदा. बाभळीवर वाळत घातले, घडी घातली. कोणासाठी तरी काही केले असे मला फार दिवसांनी वाटले.

संध्याकाळी गयाबाईने घडी हातात घेतली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिले.

"काय केलं वहिनी हे?"

ती रागावली नाही. लुगडे तिने माझ्याच हातात ठेवले. मी ते खांद्यावरून लपेटले. चंद्रीपाशी गेले. खाली बसण्याआधी माझ्या तोंडून निघाले, "येऊ का?"

चंद्रीने मान वळवली. पदर हुंगला. पुन्हा हुंगला, खालपासून वरपर्यंत, काही राहून गेले असेल म्हणून शोधल्यासारखा. मग ती दावे ताणून मागे सरकली आणि दोरीपलीकडे बाभळीखाली जिथे तरट गुंडाळून ठेवले होते, तिकडे तोंड करून उभी राहिली.